अथेन्सची शिडाची यॉट की फेतियेचं गुलेट?

दोन महिन्यांचा प्रवास आखला तेव्हा बोटीचा विचारही डोक्यात नव्हता. अथेन्समध्ये पाचव्या दिवशी संग्रहालयं बघून पाय भरून आले आणि बायको म्हणाली, "समोर एवढा समुद्र आहे, जरा त्यातही जाऊ या की." मग पुढच्या महिन्याभरात आम्ही दोन्ही करून बघितलं. आधी ग्रीसमध्ये स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसासकट, भाड्याची शिडाची यॉट, आणि रोड्स बेटाहून फेरीने तुर्कस्तानात उतरल्यावर फेतियेहून गुलेटमधली, म्हणजे तिथल्या मोठ्या लाकडी बोटीतली, एक केबिन. तुम्हीही असेच मध्येच कुठेतरी असाल आणि यातलं एकच जमणार असेल, तर आमचा अनुभव सांगतो.

ऐनवेळी ठरवणाऱ्याला ग्रीसमध्ये आडवा येतो तो शनिवार. मोसमात तिथल्या यॉटी शनिवार ते शनिवार अशाच भाड्याने जातात. आमचं बुधवारी ठरलं, म्हणजे हॉटेलच्या तीन रात्री वाढल्या. त्यात शुक्रवारी संध्याकाळी बोट अथेन्सजवळच्या आलिमोस मरीनात परत आणून लावायची, त्यामुळे आठवड्यातले हातात येतात सहाच दिवस. बोट स्वतः चालवायची तर अधिकृत परवाना लागतो आणि सोबत आणखी एक जाणकार माणूसही. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून स्किपर घेतला. त्याला स्वतंत्र केबिन द्यावी लागते आणि त्याचं जेवणही आपल्याकडेच, हे तीन केबिनच्या बोटीचा हिशेब करताना आधीच धरा. फ्रँकफर्टहून आमचे मित्र नवरा-बायको येऊन मिळाले म्हणून खर्च आवाक्यात राहिला. दोघांनीच जायचं असतं, तर गुलेटच्या चार दिवसांच्या पैशांत यॉटचे जेमतेम दीड-दोन दिवस निघाले असते, असा माझा अंदाज.

आमच्या मनात एजियन समुद्रातली सायक्लेडीज बेटं होती, पण स्किपरने अथेन्सलगतचं सरोनिक आखात सुचवलं. उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटतो, तो सायक्लेडीजमध्ये नवख्या माणसाला झेपेलच असं नाही. सरोनिक त्या मानाने आडोशाला आहे. एजिनाहून पोरोसला जाताना त्याने इंजिन बंद केलं, शीड भरलं, बोट एका कुशीवर कलली आणि मग सुमारे तीन तास फक्त पाणी कापत गेल्याचा आवाज. सुकाणू थोडा वेळ माझ्या हातात होतं. असं सुख गुलेटवर मिळत नाही, हे आधीच कबूल करतो.

पण रोज दुपारी एक वाजला की स्किपर घड्याळाकडे बघायला लागायचा. त्या बेटांवरचे धक्के लहान आणि मोसमात बोटी भरपूर. तीनपर्यंत पोचलं नाही तर जागा मिळेल याची खात्री नाही. पाण्याची टाकी भरायची, रात्री गावात उतरून जेवायचं, तर धक्क्याला लागणं भाग. एका खाडीत बायको नुकती पाण्यात उतरली होती. वीस मिनिटं झाली असतील नसतील, तोच तिला हाक मारून वर बोलवावं लागलं. हे एकदा झालं असतं तर चाललं असतं, पण सहापैकी चार दिवस झालं. आपल्या पैशांनी घेतलेल्या बोटीत दिवसाचा सगळ्यात चांगला वेळ जागा पकडायच्या धावपळीत गेला.

हायड्राला याची हद्द झाली. बेट फार सुंदर आहे; मोटारी नाहीत, सामान खेचरांवरून जातं. पण बंदर एवढंसं. समोर नांगर टाकून बोटीचा मागचा भाग धक्क्याला लावायचा, आणि त्यात एकाच्या साखळीवर दुसऱ्याची साखळी पडते. सकाळी आमचा नांगर वर आला तो शेजारच्या बोटीची साखळी घेऊनच. स्किपर डिंगीत, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीत उतरला, साखळीखाली दोर घातला, चिखल गळणारी ती जड साखळी तोलून धरत नांगर खालून मोकळा केला. एवढं होईपर्यंत सव्वा तास गेला. त्याला दोष देत नाही, तो शांतपणे आणि नीट काम करत होता. माझ्यापुरता निकाल मात्र तिथेच लागला.

फेतियेत आम्ही सकाळी चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर होतो. चार दिवस, तीन रात्री. शेवटी देम्रेला उतरवतात आणि तिथून बसने ऑलिम्पॉस. आठ केबिनचं लाकडी गुलेट, आम्ही चौदा प्रवासी. कप्तान, स्वयंपाकी आणि एक खलाशी. पहिल्या संध्याकाळी गेमिलर बेटापाशी नांगर पडला. खलाशाने दोराचं टोक हातात घेऊन पाण्यात उडी मारली, पोहत काठावर गेला आणि पाइनच्या झाडांखालच्या एका खडकाला दोर बांधून आला. मुक्कामाची सोय एवढ्यात झाली. धक्का नको, घाई नको. पाण्यात किती वेळ राहायचं ते आपण ठरवायचं. थोड्या वेळाने एक बाई छोट्या होडीतून आली, लांब सडसडीत लाटण्याने पोळीसारखी पातळ पारी लाटून, त्यात पालक आणि चीज घालून तव्यावर गोझ्लेमे भाजून देत होती. बायको तिचं लाटणं बघत बराच वेळ कठड्याशी उभी होती. केकोवाला भूकंपांनी पाण्यात गेलेल्या वस्तीच्या भिंती आणि पायऱ्या काठाशी दिसतात. त्या अवशेषांवर पोहायला मनाई आहे, पण कप्तानाने बोट अगदी सावकाश नेली.

गुलेटची उणी बाजूही आहे. चार दिवसांत शीड एकदाच वर गेलं, तेही अर्धा तास. बाकी सगळा प्रवास इंजिनवर. सोबतचे लोक निवडता येत नाहीत आणि मार्ग ठरलेला असतो. केबिनमध्ये उकडतं, आम्ही तिन्ही रात्री वर डेकवर गाद्या टाकून झोपलो. शाकाहारी असाल तर आधी सांगा. आमच्या स्वयंपाक्याने वांगी, घेवडा, दही, डाळीचं सूप असं रोज निराळं केलं.

शिडाचीच ओढ असेल, चार-सहा जणांचा गट असेल आणि शनिवारपर्यंत थांबता येत असेल, तर ग्रीस घ्या. तो तीन तासांचा प्रवास मी अजून विसरलेलो नाही. शक्य असेल तर गर्दीचे जुलै-ऑगस्ट टाळा, धक्क्यावरची ओढाताण बहुधा कमी असेल. दोघंच असाल आणि उद्या निघायचं असेल, तर मी गुलेटच सुचवेन. व्हिसाचं तेवढं आधी बघा. शेंगेनवर एकच प्रवेश असेल तर एकदा तुर्कस्तानात उतरल्यावर ग्रीसला परतता येत नाही, म्हणून आधी ग्रीस आणि मग फेतिये हाच क्रम ठेवा.

केबिन ठरवण्याआधी बोट प्रत्यक्ष बघून घ्या. केबिनची खिडकी पूर्ण उघडते का, डेकवर सगळ्यांना पुरतील इतक्या गाद्या आहेत का, आणि जनरेटर रात्री किती वाजता बंद करतात, हे कप्तानालाच विचारा. आमचा साडेदहाला बंद व्हायचा, आणि त्यानंतर डोक्यावर आकाश आणि खाली लाकडाची हलकी करकर, एवढंच उरायचं.