हार्डटेल की फुल सस्पेन्शन?

माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांवरची सायकल, घेताना हा प्रश्न पडतोच. हार्डटेलला सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी यंत्रणा, फक्त पुढच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत); फुल सस्पेन्शनला मागेही धक्के शोषणारा शॉक असतो. खरा फरक कळतो तो उतारावर. दगड-मुळांवरून भरधाव जाताना हार्डटेलचं मागचं चाक उसळतं आणि नेमकी ब्रेक मारायच्या वेळी पकड सुटते. फुल सस्पेन्शनचं चाक जमीन धरून राहतं, कंबरही वाचते.

पण तेवढ्याच पैशांत हार्डटेलवर फोर्क आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक सरस मिळतात, वजनही कमी. मागच्या सांध्यांची बेअरिंग, शॉकची सर्व्हिसिंग हा खर्च टळतो. स्वस्तातली फुल सस्पेन्शन तर घेऊच नका; चढावर पॅडल मारलं की ती नुसती डुलते, दम काढते.

पहिलीच माउंटन बाइक असेल तर माझं मत हार्डटेलला. कायम खडकाळ उतारच उतरायचे असतील, तरच दुसरी.