क्लार्कनवेलचं घर आणि पाचशे वर्षांचं गहाण (लंडन, १७१०)

क्लार्कनवेल किंवा वेस्टमिन्स्टरकडे कुणी घर बघत असेल, तर विसार देण्याआधी हे वाचा. मी धंद्याने घड्याळजी. काही वर्षांपूर्वी इथलंच एक तीन मजली घर २४० पौंडांना घेतलं. विकणारा गोडबोल्या, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. नाव लिहीत नाही, वकिलाची तशी ताकीद आहे.

कागदांत काही खोट दिसत नव्हती. हल्ली सगळेच करतात तसं झालं: पहिल्या दिवशी पाच शिलिंगांत वर्षभराचा भाडेपट्टा, दुसऱ्या दिवशी उरलेली मालकी सोडल्याचा दस्त. झाली खरेदी. साक्षीदारांदेखत दारात ताबा द्यायला नको, कोर्टात नोंद नको. नवऱ्यामागे बायकोला घराचा जो एक-तृतीयांश हक्क असतो, त्याबद्दल मात्र केवढी काळजी! वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या कोर्टात त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, नवऱ्याने दटावलं तर नाही ना.

घरावर बोजा आहे का, हे कुणी विचारायचं? बोजा होता. हर्टफर्डशरच्या एका विधवा बाईंकडून त्याने आधीच १५० पौंड उचलले होते, सहा टक्क्यांनी, घर पाचशे वर्षांच्या पट्ट्याने गहाण टाकून. बाईंच्या पेटीत फक्त गहाणखत. जुने दस्त होते ते कर्ज जमवून देणाऱ्या दस्तलेखकाकडे, आणि माझं खरेदीखत लिहिणाराही तोच! त्याने ते दस्त मला खुशाल दाखवले.

खरी लबाडी पुढे आहे. घर विकल्यावरही हा गृहस्थ बाईंना वर्षाचे नऊ पौंड व्याज वेळच्या वेळी पोचवत राहिला, माझ्याच पैशांतून. व्याज येतंय म्हटल्यावर बाई कशाला चौकशीला येतील? ते थांबलं तेव्हा त्यांचा वकील माझ्या दारात उभा राहिला.

आधीचा दस्त वरचढ ठरला. मुद्दल आणि थकलेलं व्याज मी भरलं. खरेदीखतात ‘घर निर्वेध आहे’ अशी हमी आहे, पण दावा लावायचा कुणावर? तो नदी ओलांडून सदर्कमधल्या ‘मिंट’ नावाच्या कर्जबुडव्यांच्या वस्तीत जाऊन बसलाय, तिथे बेलीफ पाय ठेवत नाहीत. १६९२ चा कायदा गहाणावर गहाण ठेवणाऱ्याला धरतो. याने तर मला घर विकलं.

क्लार्कनवेल आणि वेस्टमिन्स्टर ज्यात येतात त्या मिडलसेक्स परगण्याची दस्तनोंदणी गेल्या वर्षापासून सुरू झाली आहे. तिथे विकणाऱ्याच्या नावाने शोध घ्या, आणि आपल्या दस्ताचा गोषवारा लगेच नोंदवा. नोंद न केलेलं नवं गहाण तुमच्या नोंदलेल्या खरेदीपुढे टिकत नाही. माझ्या घरावर होतं तसलं जुनं गहाण मात्र त्या वह्यांत सापडेलच असं नाही, त्यासाठी दस्तलेखक आपला वेगळा ठेवा आणि मूळ दस्त आधी स्वतःच्या हातात घ्या. सिटीच्या, म्हणजे लंडनच्या जुन्या शहराच्या, हद्दीतली घरं या कायद्यातून वगळली आहेत. सदर्क सरे परगण्यात, तिथे अशी नोंदणीच नाही.