एका घरात दोन रुग्ण: कर्करोगाच्या उपचारांत वापरलेल्या साधनांचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आईला स्तनाचा आणि बाबांना जिभेचा कर्करोग एकाच वर्षी निघाला. आम्ही जतकडचे आणि उपचार मिरजेत, त्यामुळे भावाने आणि मी रुग्णालयाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पुढचे सगळे महिने तिथूनच काढले. या काळात जी साधने आणि ज्या सोयी वापरल्या, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे. अशा वस्तूंची माहिती सहसा एकाच रुग्णाला धरून दिलेली असते. घरात दोन रुग्ण असले की पारख बदलते. वस्तू सांभाळणाऱ्याचे किती लक्ष खाते आणि एकाचे चुकून दुसऱ्याला जाणार नाही याची काळजी घेते का, हे आधी पाहावे लागते.

या कसोटीवर सर्वांत उत्तम उतरला तो आईचा किमोपोर्ट. तिची शस्त्रक्रिया डाव्या बाजूची झाली आणि काखेतल्या गाठीही काढल्या, त्यामुळे तो हात सुई, सलाईन आणि रक्तदाबाचा पट्टा या तिन्हींना वर्ज्य झाला. उजव्या हाताच्या शिरा मुळातच बारीक. त्यात तिच्या किमोतले एक औषध डॉक्सोरुबिसिन होते, ज्याला वॉर्डात सगळे ‘लाल औषध’ म्हणतात; ते शिरेबाहेर झिरपले तर तिथली कातडी आणि आतले मांस जळते. पोर्ट म्हणजे गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेली लहानशी डबी. तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते आणि प्रत्येक वेळी ह्युबर नावाची खास सुई डबीवरच्या सिलिकॉनच्या पडद्यातून आत घातली जाते. शिरा शोधण्यात जाणारा वेळ आणि आईचा धसका दोन्ही संपले. हाताच्या शिरेतून बसवतात त्या पिक लाईन नावाच्या नळीचा पर्यायही आमच्यापुढे होता, परंतु तिचे ड्रेसिंग दर आठवड्याला बदलावे लागते आणि आंघोळीच्या वेळी ती पाण्यापासून जपावी लागते. बाबांची नाकातली आहाराची नळी सांभाळताना आणखी एक बाहेर लोंबणारी नळी आम्हाला झेपली नसती.

पोर्टचे दोष म्हणाल तर तो सर्वत्र वापरता येत नाही. घरी येणारा प्रयोगशाळेचा माणूस त्याला हात लावत नाही, त्यामुळे रक्ततपासणीसाठी उजवा कोपर टोचावाच लागतो. गावाकडच्या एका दवाखान्यात साध्या सुईने पोर्ट टोचण्याची तयारी दाखवली गेली, तेव्हा भावाने तिथेच थांबवले. साध्या सुईने तो पडदा फाटून निकामी होऊ शकतो. पोर्ट बसवल्यावर मिळणारे छोटे कार्ड फाईलच्या अगदी वर ठेवावे, ते याचसाठी.

बाबांच्या नाकातल्या नळीबद्दल माझे मत इतके सरळ नाही. जिभेची शस्त्रक्रिया, नंतर सोमवार ते शुक्रवार असा सहा आठवड्यांचा शेक, म्हणजे रेडिएशन, आणि त्याच काळात आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे किमोचे औषध, असा त्यांचा क्रम होता. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटून निघते आणि पाण्याचा घोटसुद्धा जात नाही, म्हणून नळीवाचून गत्यंतर नव्हते. नळीवर नाकपुडीपाशी पक्क्या शाईची खूण करून ठेवावी आणि दर वेळी आहार देण्यापूर्वी ती खूण जागेवर आहे ना हे पाहावे; खूण पुढे सरकलेली दिसली तर काहीही न घालता नर्सला दाखवावे. पन्नास मिलिलिटरची सिरिंज दट्ट्या काढून वर धरली की आहार आपल्या गतीने उतरतो. घाईने दट्ट्या दाबला की बाबांना उमासे येत. आधी आणि नंतर कोमट पाणी, पाठ उंचावलेली आणि आहार संपल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ न देणे, हे नियम दर दोन-तीन तासांनी पाळायचे असतात. एका माणसाचा पूर्ण दिवस ही नळीच घेते. नळी बराच काळ लागणार असे दिसत असेल, तर पोटातून थेट बसवायच्या नळीविषयी डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारावे, असे मी आता इतरांना सांगते.

नळीतून काय जाते, हे महत्त्वाचे आहे. मुगाची पेज, नाचणीचे सत्त्व, उकडलेले अंडे आणि दूध हे मिक्सरमधून काढून गाळावेच लागते, पण नळी तुंबू नये म्हणून पाणी वाढवत गेले की पोट भरते आणि अंगाला मात्र काही लागत नाही. वजन उतरले की शेकाच्या वेळी चेहरा जागच्या जागी धरून ठेवणारा जाळीचा साचा सैल होतो आणि कधी कधी तो नव्याने करावा लागतो, म्हणून आहारतज्ज्ञांनी सांगितलेली प्रथिनांची भुकटी आम्ही न चुकता मिसळली. मिक्सर मात्र चांगलाच घ्यावा, कारण स्वस्त मिक्सरमध्ये नाचणीची कणी राहते आणि नेमकी तीच नळीत अडकते.

स्वयंपाकघरात दोघांचे हितसंबंध अगदी समोरासमोर आले. बाबांना बोलता येत नव्हते, त्यांनी पाटीवर लिहिले, “पेजेला लसणाची फोडणी द्या.” चव कळणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते, त्यांना वास हवा होता. आईला त्याच वासाने मळमळत असे. शेवटी भाऊ विजेची शेगडी गच्चीवर घेऊन गेला आणि तिथे तुपात लसूण परतून, गाळलेले तूप तेवढे पेजेत घालून खाली आला. आईने दार लावलेल्या खोलीतून विचारले, “ह्यांनी पेज घेतली का रे?” त्या शेगडीला मी कोणत्याही वैद्यकीय उपकरणाइतकेच गुण देईन.

औषधांसाठी घेतलेली सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी किमोबरोबर घ्यायच्या गोळ्यांना निरुपयोगी ठरली. ती रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांसाठी चांगली आहे. किमोबरोबरच्या गोळ्या काही दिवस भरपूर असतात आणि मग मध्येच थांबतात, त्यामुळे आठवड्याचे कप्पे दिशाभूल करतात. शिवाय उलटीची गोळी दोघांनाही तीच होती, केवळ वेळा वेगळ्या. आम्ही आईसाठी हिरवी आणि बाबांसाठी निळी अशी कागदी पाकिटे केली, प्रत्येकावर तारीख आणि वेळ लिहिली आणि रिकामे पाकीट त्या त्या रंगाच्या फाईलला टाचले. मोबाईलमधल्या आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपने यापेक्षा काही अधिक दिले नाही. उलट घंटा वाजल्यावर ती कोणाची, यावरून आमच्यात वाद होऊ लागले. बाबांच्या गोळ्या कुटून नळीतून द्यायच्या असल्याने आणखी एक गोष्ट पाहावी लागली. मधुमेहाच्या गोळीवर ‘एस.आर.’ लिहिलेले होते, म्हणजे ती शरीरात सावकाश विरघळणारी. अशी गोळी कुटू नये, म्हणून डॉक्टरांनी ती बदलून दिली.

थर्मामीटर दोन घ्यावेत. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. बाबांच्या तोंडात थर्मामीटर ठेवता येत नसे, काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो आणि तोंडाच्या वेदनेसाठी त्यांना दिवसभर पॅरासिटामॉल चालू होते, ज्यामुळे ताप झाकला जातो. त्यामुळे प्रत्येक डोसच्या आधी ताप मोजून वहीत लिहायचा, असा नियम करावा लागला. आईच्या पेशी उतरलेल्या असताना पाहुण्यांना मज्जाव होता, आणि बाबांना मात्र कोणीतरी येऊन नुसते समोर बसावे असे वाटे. तेव्हा त्यांचे मित्र खाली ओट्यावर खुर्च्या टाकून बसत आणि पाटीवरून गप्पा होत.

वेळापत्रकाचा प्रश्न शनिवारने सोडवला. शेकात खंड पडू देऊ नका, असे डॉक्टर निक्षून सांगतात, त्यामुळे आईच्या डॉक्टरांना बाबांची फाईल दाखवून आम्ही तिची किमो शनिवारी मागून घेतली. हे आपणहून सांगावे लागते; दोन विभागांना आपल्या घरात दोन रुग्ण आहेत, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. किमोनंतरचे दोन दिवस शौचालयात दोनदा पाणी सोडायचे आणि कपडे वेगळे धुवायचे असतात. एकच शौचालय असल्याने दोघांच्या किमोच्या दिवसांमध्ये अंतर असणे तिथेही उपयोगी पडले.

खर्चाविषयी थोडक्यात, पण काळजीपूर्वक वाचावे असे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले ५ लाखांचे संरक्षण दर वर्षी दर कुटुंबाला असते, दर माणसाला नव्हे. आई-बाबा एकाच शिधापत्रिकेवर असल्याने दोघांची बिले त्याच रकमेतून वजा होत गेली. कोणाचा कोणता उपचार योजनेत बसवायचा आणि कोणता खिशातून करायचा, हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडून, शिल्लक विचारून आधीच ठरवावे. ज्यांचे आई-वडील ७० किंवा त्याहून अधिक वयाचे आहेत, त्यांच्यासाठी २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ज्येष्ठांसाठीचे ५ लाखांचे वेगळे संरक्षण आहे. आमच्या घरी त्याला वय पुरले नाही. बाहेरगावी जावे लागणाऱ्यांनी रेल्वेची सवलतही घ्यावी. विहित नमुन्यातला दाखला असेल तर शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते.

सध्या बाबांची नळी निघाली आहे आणि ते मऊ भात खातात. आईची किमो संपली आहे, पोर्ट अजून आत आहे. वापरात नसलेला पोर्ट तुंबू नये म्हणून तो ठरावीक काळाने औषधाच्या पाण्याने धुवून घ्यावा लागतो, आमच्या रुग्णालयाने सहा आठवड्यांची मुदत दिली आहे, आणि ती तारीख आम्ही बाबांच्या तपासणीच्या दिवसालाच जोडून घेतली आहे.