बारोलो की बार्बारेस्को? माती आणि हवामान पाहून करायची निवड

इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराच्या दोन बाजूंना, बारोलो आणि बार्बारेस्को ही वाइनची दोन क्षेत्रे आहेत. दोन्हीकडे नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून वाइन होते, त्यात दुसऱ्या कोणत्याही जातीची भेसळ कायद्याला चालत नाही, आणि दोन्ही वाइनना १९८० मध्ये इटलीतील सर्वोच्च दर्जाचे कायदेशीर मानांकन मिळाले. तरीही दुकानात बारोलोची बाटली सहसा अधिक महाग असते, तिला ‘राजाची वाइन’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि बार्बारेस्कोकडे तिची धाकटी, सौम्य बहीण म्हणून पाहिले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. बारोलोच्या क्षेत्रातच पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची माती इतकी वेगळी आहे, की ला मोर्रा गावचा बारोलो हा सेर्रालुंगा गावच्या बारोलोपेक्षा पुष्कळदा बार्बारेस्कोलाच अधिक जवळचा वाटतो. म्हणून ज्याला या दोहोंतून एक निवडायची आहे त्याने क्षेत्राच्या नावाआधी गाव पाहावे, आणि गावाआधी आपण ती बाटली केव्हा उघडणार आहोत हे ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेब्बिओलो ही अडचणीची जात आहे. वसंतात तिचे डोळे इतरांच्या आधी फुटतात, त्यामुळे उशिरा पडणाऱ्या, कोवळे कोंब गोठवणाऱ्या दहिवराचा धोका तिला सर्वांत जास्त असतो. आणि फळ मात्र सर्वांच्या शेवटी, बहुतेक वर्षी ऑक्टोबरमध्ये, पिकते. इतका लांब हंगाम पेलायचा तर ऊन भरपूर हवे, पण रात्री गार हव्यात. लांगे नावाने ओळखल्या जाणाऱ्या या टेकड्यांना हे दोन्ही मिळते. पश्चिमेला आणि उत्तरेला आल्प्स पर्वताची भिंत आहे, दक्षिणेला डोंगररांगेपलीकडे लिगुरियाचा समुद्र आहे, उन्हाळा कडक आहे आणि सप्टेंबरनंतर दिवसाच्या व रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडू लागते. दिवसाच्या उन्हाने साखर वाढते आणि सालीतील टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, पक्व होते, तर रात्रीच्या गारव्याने आम्लता व सुगंध टिकून राहतात. नाशिककडच्या बागायतदाराला हे वेळापत्रक उलटे वाटेल, कारण आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात, पावसाळा टाळून फळ धरले जाते आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या सुमारास काढली जातात. लांगेमध्ये वेल हिवाळ्यात बर्फाखाली झोपतो आणि वर्षाला एकच पीक देतो.

बर्फाचा उल्लेख केला तो सहज नव्हे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचा बर्फ सर्वांत आधी वितळतो, आणि नेब्बिओलो कुठे लावायचा हे तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरूनच ठरवले. अशा सूर्याभिमुख उताराला स्थानिक बोलीत ‘सोरी’ म्हणतात आणि तो शब्द आजही काही नामांकित बाटल्यांच्या लेबलांवर दिसतो. त्याच टेकडीच्या मागच्या, उत्तरेकडच्या अंगाला गेले तर तिथे हेझलनटची झाडे किंवा जंगल आढळते. खालच्या दरीत थंड हवा साचते म्हणून तिथेही नेब्बिओलो नसतो. बारोलोच्या नियमावलीनेही उत्तराभिमुख उतार वगळलेले आहेत. म्हणजे या प्रदेशात हवामान हे गावागणिक तर बदलतेच, शिवाय एकाच टेकडीच्या दोन अंगांनाही ते वेगळे असते.

दोन क्षेत्रांच्या हवामानातला फरक मुख्यतः तानारो नदीमुळे आणि उंचीमुळे पडतो. बार्बारेस्कोच्या उत्कृष्ट बागा नदीला लागून आहेत आणि सरासरीने कमी उंचीवर आहेत. नदीच्या सान्निध्यामुळे हवा थोडी अधिक ऊबदार आणि खेळती राहते, फळ लवकर पिकते आणि काढणी बहुधा बारोलोच्या काही दिवस आधी सुरू होते. बारोलोचा प्रदेश नदीपासून दक्षिणेकडे दूरवर पसरलेला आहे आणि त्यातले कित्येक उतार उंच आहेत. ला मोर्रा हे गाव तर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. फळ जितके अधिक दिवस वेलीवर राहील तितकी वाइनची बांधणी सहसा भक्कम होते, आणि बारोलोच्या दमदारपणाचे एक कारण हेच आहे.

पण खरा गाभा मातीत आहे, आणि इथे जरा थांबणे आवश्यक आहे.

या साऱ्या टेकड्या एकेकाळी समुद्राचा तळ होत्या. तिथे साचलेला चुनायुक्त चिकणमातीचा गाळ, ज्याला भूगर्भशास्त्रात मार्ल म्हणतात, आणि वाळूचे थर आज नांगराखाली येतात. बारोलोच्या पश्चिम भागात, म्हणजे ला मोर्रामध्ये आणि बारोलो गावाच्या बऱ्याच भागात, ‘सांतागाताचे जीवाश्मयुक्त मार्ल’ या नावाने ओळखली जाणारी माती आहे. ती तोर्तोनियन काळातील, म्हणजे सुमारे १ कोटी १६ लाख ते ७२ लाख वर्षांपूर्वीची आहे. ओली असताना ती निळसर राखाडी दिसते, वाळली की जवळजवळ पांढरी पडते. तिच्यात चिकणमाती भरपूर असल्याने पाणी धरून ठेवण्याची ताकद आणि सुपीकता दोन्ही तुलनेने जास्त असतात. पूर्वेकडे सेर्रालुंगामध्ये आणि मोनफोर्तेच्या काही भागात ‘लेक्विओ’ नावाची रचना आहे, जी त्याआधीच्या सेर्राव्हालियन काळातली आहे. तिच्यात मार्ल आणि वालुकाश्म यांचे थर एकाआड एक येतात, चुनखडी जास्त असते, माती उथळ व गरीब असते आणि रंग पिवळसर, फिकट असतो. दोहोंच्या मध्ये, कास्तिल्योने फाल्लेत्तोच्या परिसरात, ‘दियानोचे वालुकाश्म’ सापडते.

या मातींचा परिणाम बाटलीत कसा उतरतो, याविषयी फार सैलपणे बोलले जाते. मातीतील लोह किंवा चुना मुळांतून वर चढतो आणि जिभेला त्याची चव लागते, असे मानायला आधार नाही. माती काम करते ती पाणी आणि पोषण यांच्या मार्गाने. चिकणमातीच्या उतारावर वेलीला उन्हाळ्यातही ओल मिळत राहते, ती फार ताणली जात नाही आणि तिथल्या वाइनमध्ये सुगंध लवकर खुलतो, तुरटपणा मऊ असतो. गरीब, लवकर निचरा होणाऱ्या मातीत वेलीची वाढ आवरली जाते, मणी लहान राहतात, रसाच्या प्रमाणात साल जास्त येते. आणि सालीत टॅनिन असल्यामुळे वाइन कडक, घट्ट आणि दीर्घायुषी होते. उतार, उंची आणि वारा यांचाही त्यात वाटा असतो, त्यामुळे सारे श्रेय मातीच्या पदरात टाकणे बरोबर नाही; तरीही पूर्व आणि पश्चिम यांतला भेद इतक्या उत्पादकांच्या वाइनमध्ये पुन्हा पुन्हा दिसतो की तो नाकारता येत नाही.

ला मोर्रातील ब्रुनाते, चेरेक्विओ किंवा रोक्के देल्लानुन्त्सियाता या बागांचा बारोलो पेल्यात ओतताच गुलाबाचा, लाल फळांचा दरवळ देतो. रंग फिकट माणकासारखा आणि कडेला विटकरी झाक असलेला. नेब्बिओलोचा रंग असाच असतो, तो पाहून वाइन हलकी असेल असे समजू नये. सेर्रालुंगाच्या विन्या रिओंदा किंवा लाझ्झारितो या बागांची तरुण वाइन मात्र पहिल्या घोटाला तोंड आवळून टाकते. कच्च्या सुपारीसारखा तो तुरटपणा हिरड्यांवर कितीतरी वेळ राहतो आणि त्यामागून डांबर, ज्येष्ठमध, वाळक्या पानांचा गंध सावकाश येतो. तीच बाटली दुसऱ्या दिवशी चाखली तर बऱ्याचदा अधिक मोकळी झालेली आढळते. बारोलो गावातील प्रख्यात कान्नुबी टेकडीवर दोन्ही प्रकारच्या माती एकत्र येतात असे म्हटले जाते आणि तिथल्या वाइनमध्ये सुगंध आणि बांधणी यांचा दुर्मीळ मेळ साधतो. वायव्य टोकाला, नदीच्या बाजूला असलेल्या वेर्दुनोतील मोन्विल्येरो ही बाग नाजूकपणासाठी ओळखली जाते.

बार्बारेस्कोमध्ये हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. बार्बारेस्को गाव आणि नेइवे गावाचा बराचसा भाग सांतागाताच्या मार्लवर आहे, तर त्रेइझो गावाच्या उंच बागांमध्ये आणि नेइवेच्या पूर्वेकडे लेक्विओ रचना वर येते. आझिली ही बाग लालित्यासाठी, तर तिच्या लगतची राबाया अधिक भरदारपणासाठी प्रसिद्ध आहे. मोन्तेस्तेफानो तर इतकी कडक असते की तिला बार्बारेस्कोतला बारोलो म्हटले जाते. त्रेइझोची वाइन उंचीमुळे सडपातळ आणि ताजीतवानी असते. हे सारे बारकावे एकाच हाताने केलेल्या वाइनमध्ये तपासून पाहायचे असतील, तर १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या सहकारी संस्थेच्या बाटल्यांइतके चांगले साधन दुसरे नाही. चांगल्या वर्षी ही संस्था नऊ बागांची वाइन वेगवेगळी भरते आणि सर्वांची करण्याची पद्धत एकच ठेवते, त्यामुळे उरतो तो फरक जागेचाच असतो.

ही अट महत्त्वाची आहे, कारण करणाऱ्याचा हात जमिनीवर सहज मात करू शकतो. नवीन फ्रेंच ओकच्या लहान पिंपात ठेवलेल्या वाइनला व्हॅनिला आणि भाजल्याचा वास येतो आणि ला मोर्रा व सेर्रालुंगा यांतले अंतर पुसट होते. जुन्या, मोठ्या पिंपांत मुरलेल्या वाइनमध्ये ते अंतर स्वच्छ दिसते. ज्याला माती चाखायची आहे त्याने विक्रेत्याला पिंपाविषयी जरूर विचारावे.

कायद्याने ठरवलेला मुरण्याचा काळही निवडीत मोजावा लागतो. बारोलो काढणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावा लागतो, त्यांपैकी १८ महिने लाकडात; बार्बारेस्कोसाठी हाच काळ २६ महिने आणि लाकडातला ९ महिने आहे. ‘रिझेर्वा’ असे लिहिलेले असेल तर अनुक्रमे ६२ आणि ५० महिने. म्हणून २०२० सालचा बार्बारेस्को २०२३ च्या जानेवारीपासून विकता आला, तर त्याच सालच्या बारोलोला २०२४ च्या जानेवारीपर्यंत थांबावे लागले. तळघरातला हा जास्तीचा काळ बारोलोच्या किमतीतही उतरतो.

द्राक्षे काढल्याच्या सालाकडे दुर्लक्ष करू नये. २०१४ चा उन्हाळा पावसाळी होता, परंतु बार्बारेस्कोमध्ये पाऊस तुलनेने कमी झाला आणि त्या वर्षी नेहमीची उतरंड उलटली. त्या सालाची बाटली समोर आली तर मी बार्बारेस्कोच घेईन. २०१७ उष्ण आणि कोरडे गेले, तेव्हा पाणी धरणाऱ्या मातीला आणि उंच, गार जागांना फायदा मिळाला. २०१६ मध्ये हंगाम लांब आणि समतोल होता, दोन्हीकडची वाइन उत्तम झाली, पण तिला वेळ द्यावा लागतो. हवामान तापत चालल्याने, पूर्वी फळ नीट पिकत नाही म्हणून नाकारलेले उंच उतार आता मागणीत आहेत, ही गोष्टही नवीन सालांची वाइन घेताना ध्यानात ठेवावी.

आता प्रत्यक्ष निवड. बाटली येत्या एक-दोन वर्षांत उघडायची असेल, तर बार्बारेस्को किंवा ला मोर्रा, वेर्दुनो येथील बारोलो घ्यावा. दहा-पंधरा वर्षे थांबण्याची तयारी आणि तशी सोय असेल, तरच सेर्रालुंगा किंवा मोनफोर्तेकडे वळावे. ‘तशी सोय’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात घरातल्या कपाटात ठेवलेली वाइन मुरत नाही, शिजते. बारा ते चौदा अंश सेल्सियसचे स्थिर तापमान देणारे वाइनचे कपाट नसेल, तर सेर्रालुंगाचा महागडा बारोलो साठवून ठेवणे हा त्या वाइनवर अन्याय आहे. अशा घरासाठी बार्बारेस्को हीच शहाणी खरेदी ठरते, आणि ती कमी दर्जाची तडजोड मुळीच नाही. युरोपात राहणाऱ्या, थंड तळघर असलेल्या मराठी वाचकाचा निर्णय वेगळा असू शकेल.

जेवणाचाही विचार करावा. टॅनिन प्रथिनांना आणि स्निग्धतेला धरते, म्हणून तिकडे ही वाइन वाइनमध्येच मंद शिजवलेल्या बीफबरोबर, मुरलेल्या चीजबरोबर किंवा लोण्यात परतलेल्या अंड्याच्या शेवयांबरोबर घेतात. तिखट मात्र तिला सोसत नाही. मिरचीची आग टॅनिनने आणि अल्कोहोलने वाढते, त्यामुळे कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर दोन्ही वाइन वाया जातील. कमी तिखटाचे, तुपावर परतलेले मटण किंवा अळंबीचा पुलाव असेल तर बार्बारेस्को छान जुळतो.

लेबल वाचताना क्षेत्राच्या नावाखाली बागेचे नाव आहे का ते पाहावे. बार्बारेस्कोने २००७ च्या आणि बारोलोने २०१० च्या हंगामापासून बागांच्या अधिकृत सीमा ठरवल्या आहेत. काही बारोलोंवर ‘देल कोमुने दी ला मोर्रा’ किंवा ‘देल कोमुने दी सेर्रालुंगा दाल्बा’ असे गावाचे नाव छापलेले असते. पहिल्यांदा घेणाऱ्याला याचा उपयोग बागेच्या नावापेक्षाही जास्त होतो, कारण बुस्सियासारखी एखादी अधिकृत बाग जवळपास ३०० हेक्टरांवर पसरलेली आहे आणि तिच्या दोन टोकांना माती व उतार सारखे नाहीत. गावही नाही आणि बागही नाही अशी बाटली असेल, तर ती अनेक ठिकाणच्या द्राक्षांचे मिश्रण असण्याची शक्यता मोठी; तीही उत्तम असू शकते, पण मग उत्पादकाची द्राक्षे कोणत्या गावांतून येतात हे विक्रेत्याकडून जाणून घेतल्यावरच ती आज उघडायची की ठेवायची ते ठरवावे.