उंबरखिंड की वसई: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी रणभूमीवरची एक दिवसाची पायवाट

ठाणे किंवा नवी मुंबईतून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, वाट दमवणारी नसेल आणि चालता चालता एखादी लढाई नीट समजेल, अशी जागा शोधणाऱ्यापुढे दोन नावे प्रामुख्याने येतात: वसईचा किल्ला आणि खोपोलीजवळची उंबरखिंड. (खुद्द ठाण्याचा किल्लाही मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला होता, पण तेथे आज मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे हा पर्याय विचारातच घेता येत नाही.)

वसईची वाट निःसंशय सोपी आहे. किल्ला भुईकोट असल्याने चढण जवळजवळ नाही, झाडांची सावली आहे आणि कंटाळा आल्यास कोठूनही मागे फिरता येते. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने महामार्ग गाठून, खाडीवरचा पूल ओलांडून जाता येते. रेल्वेने गेल्यास वसई रोड स्थानकापासून पुढे बस किंवा रिक्षा मिळते. अडचण आहे ती वेगळीच. १५३४ पासून १७३९ पर्यंत हे पोर्तुगीजांचे भरभराटीचे शहर होते आणि आत शिरताच नजर खिळते ती त्यांच्या चर्चच्या उंच, छप्पर गेलेल्या भिंतींवर. बहुतेक लोक तेथेच छायाचित्रे काढतात, चिमाजी अप्पांचा पुतळा पाहतात आणि परततात. लढाई कोठे झाली हे त्यांना कळतच नाही. किल्ल्याच्या बहुतेक बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल असल्याने मराठ्यांना उत्तरेकडील जमिनीच्या बाजूनेच भिडावे लागले, आणि तोफांच्या माऱ्याखाली खंदक खणत पुढे सरकून बुरुजांखाली सुरुंग भरावे लागले. मे १७३९ मध्ये ते सुरुंग उडाले, सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले आणि पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. म्हणून वसईला जाणाऱ्याने चर्च नंतरसाठी ठेवून आधी उत्तरेचा तट धरावा, असे मी सुचवीन. मात्र तटाच्या कडेला सर्वत्र कठडे नाहीत. लहान मुलांना वर मोकळे सोडू नये.

उंबरखिंडीत पाहण्यासारखे बांधकाम म्हणजे चावणी गावाजवळ अंबा नदीच्या काठी उभारलेले स्मारक, एवढेच. तरीही लढाई समजण्याच्या दृष्टीने मला ही जागा वसईपेक्षा सरस वाटते, कारण येथे शस्त्राचे काम भूगोलानेच केले आणि तो भूगोल अजून डोळ्यांसमोर आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखान उझबेग या मोगल सरदाराला कोकणात पाठवले. खानाने बोरघाट टाळून कुरवंडे घाटाची अरुंद वाट धरली. शिवाजी महाराजांनी त्याला उतरू दिले, संपूर्ण फौज झाडीत अडकल्यावर पुढची आणि मागची वाट रोखली आणि दोन्ही अंगांच्या टेकड्यांवरून मारा सुरू केला. संख्येने मोठे असलेले सैन्य तेथे पसरूच शकत नव्हते. अखेर फौजेत असलेल्या रायबागन या स्त्री सरदाराच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन त्याने सुटका करून घेतली. खिंडीत उभे राहून दोन्हीकडे मान वर करून पाहिले की वेगळ्या नकाशाची गरज उरत नाही.

येथे जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि निर्णय खरा त्यांच्यावर अवलंबून आहे. पनवेलमार्गे वाहनाने खोपोली गाठून, पाली रस्त्याने चावणीला गेल्यास चालणे नाममात्र उरते. ज्येष्ठांना हे सोयीचे असले तरी खान कसा फसला हे त्यातून अर्धेच कळते. दुसरा मार्ग म्हणजे लोणावळ्याहून कुरवंडे गावी जाऊन, खानाच्याच वाटेने खाली चावणीला उतरणे. ही वाट बहुतांशी उताराची असल्याने दम लागत नाही. गुडघ्यांवर मात्र ताण येतो आणि पाणी सोबतच न्यावे लागते. घाटमाथ्यावरचा मोकळा उजेड मागे पडून दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, तेव्हा परत फिरणे का कठीण झाले असेल हे पायांनाच उमगते.

घरातील आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील तर वसई निवडावी. सर्वांचे गुडघे धड असतील आणि इतिहासाची ओढ असेल तर कुरवंड्याहून उतरावे. भर पावसात मात्र दोन्ही टाळावीत: वसईचे दगड निसरडे होतात आणि अंबेचे पाणी अचानक वाढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्हींसाठी उत्तम. कुरवंड्याहून उतरणाऱ्यांनी स्वतःचे वाहन लोणावळ्यात ठेवू नये; जाताना पुण्याकडची गाडी आणि येताना खोपोलीहून लोकल धरावी, आणि चावणी ते खोपोली या टप्प्यासाठी रिक्षा किंवा जीप आधीच ठरवून ठेवावी.