उंदरांचं एफडीजी पेट: तासाभराचा डायनॅमिक की शेवटचा स्टॅटिक?

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात किंवा पाषाण रस्त्यावर पीएचडी करणारं कुणी ना कुणी प्राणी समितीचा (प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीचा) अर्ज भरायला बसलं की हा प्रश्न येतोच: उंदराला एफडीजी (साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ, म्हणजे ट्रेसर) देऊन पेट स्कॅन करताना टोचल्यापासून तासभर सलग चित्रं घ्यायची (डायनॅमिक), की ट्रेसर मुरल्यावर शेवटी एकच (स्टॅटिक)? उंदरांची संख्या, भुलीचा वेळ, डोस, सगळं आधीच लिहून द्यायचं असतं, त्यामुळे ‘नंतर बघू’ चालत नाही. एसयूव्ही, म्हणजे डोस आणि वजनाच्या मानाने एखाद्या भागात किती ट्रेसर साचला त्याचा आकडा, एवढं ठाऊक असलं की पुरे. आणि मी बोलतोय ते ट्यूमर आणि मेंदू एवढ्यापुरतंच.

डायनॅमिकच्या बाजूचा मुद्दा भक्कम आहे: त्यातल्या शेवटच्या फ्रेम्स जोडून स्टॅटिक काढता येतो, उलटं जमत नाही. गाइड मंडळींना हे फार पटतं (‘घेऊन ठेव ना सगळंच!’). शिवाय पॅटलाक आलेखातून (रक्तातलं आणि पेशींतलं प्रमाण वेळेनुसार ताडून बघणारा आलेख) केआय, म्हणजे पेशी एफडीजी किती वेगाने ओढतात तो आकडा मिळतो, म्हणजे रक्तात एफडीजी किती आणि किती वेळ होतं याचा हिशेब आपोआप लागतो. तुमच्या औषधानेच रक्तातली साखर हलणार असेल, समजा इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिनचं काम असेल, तर नुसत्या एसयूव्हीवर विसंबू नका. ट्रेसर नवा असेल तरी डायनॅमिकच घ्या. तिथे माझा वाद नाही.

पण ‘सगळंच’ मिळत नाही. डायनॅमिकमध्ये डोस स्कॅनरच्या बेडवरच द्यावा लागतो, म्हणजे पहिल्या सेकंदापासून उंदीर भुलीखाली. मेंदूचं काम असेल तर आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूखालचा मेंदू दिसतो. स्टॅटिकमध्ये उंदीर जागा असताना एफडीजी देता येतं. पेशीत गेल्यावर त्याला फॉस्फेट जोडला जातो आणि ते तिथेच अडकतं, म्हणून नंतर भूल दिली तरी चित्र बरंचसं जागेपणीचंच येतं. डायनॅमिकमधून काढलेला स्टॅटिक म्हणजे हा जागेपणीचा स्टॅटिक नव्हे. ट्यूमरचं मात्र उलट आहे. फ्यूगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की उंदीर उपाशी ठेवून, ऊब देऊन आणि आयसोफ्लुरेनखाली ठेवला तर ब्राउन फॅट (अंगात ऊब तयार करणारी चरबी) आणि स्नायूंतली चमक उतरते आणि ट्यूमर उठून दिसतो. पण ती भूल पिंजऱ्याशेजारी, गरम पॅडवरही देता येते, त्यासाठी स्कॅनर अडवून ठेवायची गरज नाही.

स्कॅनर अडणं ही छोटी गोष्ट नाही. फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य 110 मिनिटं. एफडीजी मुंबईकडून येणार असेल तर त्यातला काही भाग खंडाळ्याच्या घाटातच जातो. एकामागून एक डायनॅमिक करत गेलात की पावणेचार तासांनी वायलमधल्या किरणोत्साराचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. तोच डोस द्यायचा तर चौपट द्रव लागणार, आणि उंदराच्या शेपटीत 0.2 मिलीच्या वर ढकलायला माझा तरी हात धजत नाही.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. मला कंटाळा आणला तो रक्ताच्या वक्राने, म्हणजे रक्तातलं एफडीजी वेळेनुसार कसं उतरतं त्या रेषेने. पॅटलाकला तो लागतोच. 25 ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त 2 मिलीच्या आत, तेव्हा नमुने काढत बसणं शक्य नाही. मग चित्रात हृदयाच्या डाव्या जवनिकेवर आरओआय (मोजायच्या भागाची चौकट) काढायचा. ती पोकळी काही मिलिमीटरची, स्कॅनरची नजर साधारण एक-दीड मिलिमीटरची, आणि हृदय मिनिटाला पाचशेच्या आसपास उडणारं. पहिली दोन-तीन मिनिटं झकास दिसतात. मग हृदयाचा स्नायू एफडीजी ओढू लागतो, त्याची चमक पोकळीत सांडते आणि जो वक्र खाली यायला हवा तो आडवा होतो, कधी चक्क वर चढतो. आयसोफ्लुरेनने ही चमक आणखी वाढते, आणि आपण तर तासभर तेच देत असतो. आरओआय एक व्हॉक्सेल (चित्रातला सगळ्यात छोटा ठोकळा) सरकवा, केआय बदलतो. सांडलेल्या भागाची दुरुस्ती करणारी मॉडेल्स आहेत, महाशिरेवरून किंवा यकृतावरून वक्र घेण्याचीही सोय आहे, पण प्रत्येक सोयीबरोबर एक नवा वाद येतो. आमच्याकडे एकाच उंदराचे दोघांनी दोन केआय काढले, आणि चूक कुणाचीच नव्हती. लॅब मीटिंगमध्ये औषधाबद्दल कमी आणि जवनिकेबद्दल जास्त बोलणं व्हायला लागलं, तेव्हा मी स्टॅटिककडे वळलो.

तुमच्याकडे हे गणित रोज करणारं कुणी असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो, तो चुकीचा म्हणणार नाही. स्टॅटिक तरी कुठे साधा आहे? मांडीवर वाढवलेल्या ट्यूमरशेजारी मूत्राशय दिव्यासारखं पेटतं, म्हणून ट्यूमर खांद्यावर वाढवलेला बरा. डोस शिरेबाहेर गेला तर एसयूव्ही निमूट खाली येतो आणि नुसतं ट्यूमरकडे बघून ते कळत नाही. म्हणून शेपूट फ्रेममध्ये घ्या, टोचण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघून ठेवा, आणि टोचल्यापासून स्कॅनपर्यंतचा वेळ सगळ्या उंदरांना एकच ठेवा. अर्जातही हे तिन्ही लिहा. समिती नेमकं तेच विचारते.