सूर्य वर्गाला दाखवायचा कसा: चष्मा, दुर्बीण की कवडसा?

२५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीच्या सुट्टीत, मावळतीला खंडग्रास ग्रहण होतं. गोव्याच्या किनाऱ्यावर एक मुलगा आजोबांच्या छातीचा एक्स-रे डोळ्यांपुढे धरून उभा होता. मी तो काढून घेतला. ‘सर, पण किती काळोखा दिसतो!’ तो म्हणाला. धोका तिथेच आहे. उजेड कमी झाला तरी न दिसणारे अवरक्त किरण आत जाऊ शकतात, आणि दृष्टिपटल भाजताना दुखत नाही. काजळी धरलेली काच आणि सीडी यांनाही हेच लागू.

म्हणून, चाळीस मुलांच्या वर्गासाठी काय घ्यावं?

ग्रहणाचा चष्मा स्वस्त असतो. त्यावर आयएसओ १२३१२-२ असं, म्हणजे अशा चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, छापलेलं हवं. घालून पाहिल्यावर सूर्याखेरीज जवळपास काही दिसता कामा नये. आपल्याकडच्या दमट हवेत पुठ्ठा सुटतो, पडद्याला ओरखडे येतात. दर वेळी तपासा आणि शंका आली की फेकून द्या. चष्मा लावून दुर्बिणीत मात्र कधीच बघायचं नाही. चष्म्यातून सूर्य दिसतो, मोजता येत नाही.

दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या भिंगावर, बसवायचा सौरफिल्टर सर्वांत सुंदर चित्र देतो. सूर्यावरचे डाग स्पष्ट दिसतात. रोज चित्र काढलं तर सूर्य स्वतःभोवती फिरतो हेही मुलांना कळतं. पण एका वेळी एकच मूल, मिनिटभर धरलं तरी तास संपतो. समुद्राच्या वाऱ्यानं फिल्टर निसटू नये म्हणून तो टेपनं बांधावा लागतो. डोळ्याकडच्या भिंगात बसवायचे जुने फिल्टर तापून तडकतात. ते कपाटातही ठेवू नका. फिल्टरशिवाय, दुर्बिणीतून कागदावर प्रतिमा पाडायची रीत १६१२ च्या सुमारास गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली यानं बसवली. ती चांगली आहे, पण शोधक दुर्बीण, म्हणजे मुख्य दुर्बिणीवरची छोटी दुर्बीण, झाकलेली हवी आणि शिक्षकानं क्षणभरही बाजूला होता कामा नये. माझ्या वर्गात मी ती करत नाही.

माझी निवड कवडसा. जुन्या कौलारू घरात भुईवर पडणारे कवडसे आठवा. कौलांतली फट वाकडीतिकडी, कवडसा मात्र गोल किंवा लांबट गोल. तो फटीचा आकार नाहीच, ती सूर्याची प्रतिमा आहे. माडाच्या चुडतांच्या माटवाखाली, म्हणजे मांडवाखालीही तेच, आणि ग्रहणात त्याच कवडशांच्या कोरी होतात. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

वर्गात यासाठी सपाट आरसा पुरतो. त्यावर ५ मिलिमीटरचं भोक पाडलेला काळा कागद चिकटवा, आरसा बाहेर उन्हात घट्ट बसवा आणि प्रकाश खिडकीतून अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. मुलं भिंतीकडे तोंड करून बसतील. आरशाकडे कुणीही बघायचं नाही, तो सूर्यच आहे. १० मीटरवर सुमारे ९ सेंटिमीटरची चकती मिळते. अंतराला व्यासानं भागा, १०७ च्या आसपास येतं. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर, म्हणून त्याचा व्यास सुमारे १४ लाख. चकती स्वतःच्या रुंदीइतकी सरकायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेते. तो घड्याळावर मोजला की सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद आहे हेही निघतं. चाळीसही मुलं एकदम बघतात. उणीव एकच: फार मोठ्या डागाखेरीज काही दिसत नाही.

आणि काठी विसरू नका, तिला खर्चच नाही. उभ्या काठीची सर्वांत लहान सावली गोव्यात बाराला पडत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९ च्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७४ च्या अलीकडे. २१ मार्चला एक मीटर काठीची सावली सुमारे २८ सेंटिमीटर, आणि त्यावरून पणजीचा अक्षांश, साडेपंधरा अंश, मुलं स्वतः काढतात. मेच्या सुरुवातीला तर दुपारी सावली नाहीशी होते.

थोडेच पैसे असतील तर आरसा, काठी आणि दहा चष्मे. दुर्बीण पुढच्या वर्षी. २ ऑगस्ट २०२७ ला दुपार कलल्यावर पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे, पण ते भर पावसाळ्यात. सराव मात्र यंदाच, ऑक्टोबर ते मार्चच्या उन्हात करून ठेवा.